गाडी निइगाताची, परवाना कोल्हापूरचा

पत्र

ताई, नमस्कार. वय २८. मूळचा कोल्हापूरचा, गेली अडीच वर्षं जपानमध्ये, अत्सुगीत नोकरीला आहे. वडिलांचं उद्यमनगरात सिलिंडर बोअरिंगचं वर्कशॉप, त्यामुळे ऑइलच्या वासातच वाढलो. सहा-सात वर्षांचा असताना टीव्हीवर रॅलीत धावणारी सुबारूची निळी इम्प्रेझा पाहिली, तेव्हापासून डोक्यात तीच आहे. आता निइगातातल्या एका माणसाची २००५ ची इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्स एसटीआय, म्हणजे तिचीच वेगवान आवृत्ती, विकायला आहे. ९२ हजार किलोमीटर, किंमत २२ लाख येन, शाकेन (गाडीची सक्तीची तपासणी) दोन महिन्यांचं उरलंय. गाडी थोडी खाली केलेली, सायलेन्सर बदललेला. ‘आहे तशी’ विकणार म्हणतो. व्हिडिओत तिचा तो घुमणारा आवाज ऐकला आणि झोप उडाली. माझ्याकडे ३० लाख साठलेत. मे महिन्यात लग्न आहे, नंतर बायको इकडे येईल. तिला अजून काही बोललो नाही. परवाना आपल्याकडचा आहे. दर दिवाळीला तीन आठवडे घरी जातो तेव्हा नवं आंतरराष्ट्रीय परमिट काढून आणतो आणि भाड्याच्या गाड्या त्यावरच चालवतो. घेऊ का? या गाड्यांच्या किमती वाढतच चालल्यात, म्हणजे पैसे बुडणार नाहीत ना? आणि परत जाताना कोल्हापूरला नेता येईल का?
— एक अत्सुगीकर

उत्तर

प्रिय अत्सुगीकर,

वयाने लहान आहेस म्हणून ‘तू’ म्हणते. तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना मनापासून आनंद झाला. उद्यमनगरच्या पोराला इम्प्रेझाचा नाद लागणार नाही तर कुणाला लागणार? तू सांगतोस ती बहुधा २००३ ची गोष्ट, पेटर सोलबर्गने त्या निळ्या गाडीत जागतिक रॅलीचं अजिंक्यपद मिळवलं ते वर्ष. दुसऱ्यांदा वाचताना मात्र परमिटच्या वाक्यावर थांबले आणि पोटात गोळा आला. म्हणून गाडीचं मागाहून, आधी हे.

या शनिवार-रविवारसाठी भाड्याची गाडी ठरवली असशील तर आत्ताच रद्द कर.

आंतरराष्ट्रीय परमिटवर जपानमध्ये गाडी चालवता येते ती इथे उतरल्यापासून एक वर्ष. इथला रहिवासी म्हणून नोंद असलेला माणूस बाहेर जाऊन परत आला, तर ते वर्ष पुन्हा मोजायला लागण्यासाठी त्याने किमान तीन महिने जपानबाहेर राहिलेलं असावं लागतं. तू दिवाळीला तीन आठवडे जातोस. परमिट कितीही कोरं करकरीत असलं, त्यावरची तारीख पुढच्या वर्षाची असली, तरी इथल्या कायद्याच्या लेखी तू पहिलं वर्ष संपल्यापासून विनापरवाना चालवतो आहेस. ‘मुमेनक्यो उन्तेन’ म्हणतात त्याला. शिक्षा तीन वर्षांपर्यंतची कैद किंवा पाच लाख येनपर्यंत दंड. पाच लाख एक वेळ भरशील, पण ही साधी पावती नाही, गुन्ह्याची नोंद आहे. पुढे व्हिसा वाढवताना किंवा कायमच्या वास्तव्याचा अर्ज करताना ती समोर येते. आणि त्या काळात कुणाला धक्का लागला असता तर काय झालं असतं, हे तुझं तू डोळ्यांसमोर आण. तू हे मुद्दाम केलं नाहीस हे मला कळतं. आपल्यातले कितीतरी जण हेच करतात, कारण भाड्याने गाडी देणारा काउंटरवरचा माणूस परमिटची तारीख पाहतो आणि चावी देतो. पण आता तुला कळलं आहे.

तेव्हा पहिलं काम परवाना. ‘गाइमेन किरिकाए’, म्हणजे आपल्याकडचा परवाना इथल्या परवान्यात बदलून घेणं. तुझ्या कानागावा प्रांतात राहणाऱ्यांसाठी ते योकोहामातल्या फुतामातागावाच्या परवाना केंद्रात होतं. लागणारे कागद असे: परवान्याचं जपानी भाषांतर (जाफ ही वाहनचालकांची संघटना करून देते), जूमिनह्यो म्हणजे रहिवासाचा दाखला, पासपोर्ट, आणि परवाना मिळाल्यानंतर तू किमान तीन महिने भारतात होतास याचा पुरावा. या शेवटच्या कागदापाशी आपली माणसं अडकतात. परवान्याचं नूतनीकरण झालेलं असेल तर पहिल्यांदा तो कधी मिळाला हे कार्डावर स्पष्ट दिसत नाही, आणि खिडकीमागचा अधिकारी मान हलवतो. वडिलांना कोल्हापूरच्या आरटीओतून मूळ तारखेचा दाखला काढून ठेवायला सांग. जुना पासपोर्ट घरी ट्रंकेत असेल तर तोही मागवून घे.

पूर्वी लेखी परीक्षेत फक्त १० प्रश्न असत. ऑक्टोबर २०२५ पासून ५० झाले आणि त्यातले ४५ बरोबर यावे लागतात. इंग्रजीतून देता येते, पण अभ्यासाशिवाय निघत नाही. त्यानंतर केंद्राच्या आवारात प्रत्यक्ष गाडी चालवून दाखवायची. दहा वर्षं गाडी चालवलेली माणसंही इथे दोनदा-तीनदा नापास होतात, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: आपण नजरेने पाहतो, मान वळवत नाही. डावीकडे वळण्याआधी गाडी डाव्या कडेला घेऊन, मान मागे वळवून, सायकल येत नाही ना हे पाहिल्याचं परीक्षकाला दिसलं पाहिजे. ‘तोमारे’, म्हणजे ‘थांबा’, लिहिलंय तिथे चाक पूर्ण थांबलं पाहिजे. जवळच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये दोन-तीन तास लाव, ते पैसे वसूल होतात.

आणि नीट ऐक, परीक्षा मॅन्युअल गाडीवर दे. सोपं पडतं म्हणून अनेक जण ऑटोमॅटिकवर देतात आणि परवान्यावर ‘फक्त ऑटोमॅटिक’ असा शेरा बसतो. तुझी एसटीआय सहा गिअरची आहे. तो शेरा घेऊन ती चालवलीस तर परवाना असूनही त्याच्या अटीचा भंग. शेरा नंतर काढता येतो, पण त्यासाठी पुन्हा स्कूल, पुन्हा परीक्षा.

आता जागा. जपानमध्ये गाडी आधी आणि पार्किंग नंतर असं होत नाही. घरापासून सरळ रेषेत दोन किलोमीटरच्या आत तुझी पक्की जागा आहे, हे पोलीस ठाण्याने लिहून दिल्याशिवाय गाडी नावावर चढत नाही. यालाच ‘शाको शोमेइ’ म्हणतात. अर्जासोबत जागामालकाचं संमतिपत्र लागतं. तुझ्या इमारतीत लिफ्टसारखं यांत्रिक पार्किंग असेल तर टेप घेऊन जा आणि रुंदी, वजन, जमिनीपासूनची उंची यांची मर्यादा फलकावर वाच. खाली केलेली गाडी त्या लोखंडी ताटावर चढताना पोटावर घासते. मोकळ्या आवारातली जागा मिळाली तर उत्तम. पण शेजारी झोपलेले असताना पहाटे पाचला बदललेल्या सायलेन्सरचं इंजिन सुरू करून हाकोनेच्या घाटाकडे निघायचं आहे, हाही विचार जागा निवडताना कर. इथे शेजारी दारावर येऊन भांडत नाहीत, घराच्या एजंटला फोन करतात.

शिक्क्याचंही उरकून घे. गाडी नावावर करायला नगरपालिकेत नोंदवलेला शिक्का, म्हणजे ‘जित्सुइन’, आणि त्याचा तीन महिन्यांच्या आतला दाखला लागतो. त्यावरचं नाव रेसिडेन्स कार्डाशी जुळेल असं करून घे.

आता तुझ्या आवडीच्या विषयाकडे येते.

आपल्याकडे म्हणतात ना, पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल. निइगातातल्या गाडीचं तू अत्सुगीत बसून मोल करतो आहेस, आणि तेही व्हिडिओवर. निइगाता म्हणजे बर्फाचा मुलूख. कानएत्सु महामार्गावर गुन्मातून अकरा किलोमीटरच्या बोगद्यात शिरलं की पलीकडे दुसराच हिवाळा असतो. तिथे रस्ता गोठू नये म्हणून सगळा हिवाळाभर मीठ टाकतात. ते विरघळलेलं पाणी गाडीच्या पोटाखाली, चाकांच्या कमानींत, सस्पेन्शनच्या बिजागऱ्यांत जाऊन बसतं. वीस हिवाळे तिथे काढलेली गाडी वरून आरशासारखी चमकेल, मालक प्रेमाने पॉलिश करतच असेल, पण पत्रा आतून पोकळ झालेला असू शकतो.

हे मी ऐकीव सांगत नाही. जपानमधल्या माझ्या तिसऱ्या वर्षी मी बर्फाळ भागातल्या एका छोट्या विक्रेत्याकडून लाल रंगाची दोन आसनी गाडी घेतली. रंग पाहिला, बसून पाहिलं, एक फेरी मारली. खाली वाकून पाहिलं नाही. पोटाला नवा काळा थर दिलेला होता आणि तो मला काळजी घेतल्याची खूण वाटला. पुढच्या शाकेनला गॅरेजवाल्या आजोबांनी गाडी लिफ्टवर चढवली, मला खाली बोलावलं आणि दाराखालच्या लांब पट्टीवर स्क्रूड्रायव्हरने हलकेच टकटक केलं. तिसऱ्या टकटकीला स्क्रूड्रायव्हर आत गेला. लाल भुगा माझ्या बुटांवर पडला. तो थर गंज थांबवण्यासाठी नव्हता, झाकण्यासाठी होता. मी त्या गॅरेजात उभ्या उभ्या रडले. विक्रेत्याने सांगितलं, व्यवहार ‘गेन्जो वाताशी’चा होता. त्या दोन शब्दांवर मी सही केली होती, अर्थ पुरता न कळता.

‘आहे तशी’ म्हणजे हेच. नंतर जे निघेल ते तुझं. सगळे विकणारे लबाड नसतात. अनेकांना स्वतःलाच खालची अवस्था माहीत नसते. म्हणून रुसवाफुगवा न करता, सरळ प्रश्न विचारायचे.

सर्वांत आधी देखभालीची वही माग. जपानमध्ये प्रत्येक गाडीसोबत ‘तेन्केन सेइबी किरोकुबो’ नावाची वही असते. ऑइल कधी बदललं, ब्रेक कधी उघडले, कुठल्या गॅरेजने काय केलं, सगळं तारखेनिशी. माझ्या मते २० वर्षांच्या वेगवान गाडीची निम्मी किंमत या वहीत आहे. वही हरवली म्हणाला तर मी तिथेच फोन ठेवीन. शाकेनच्या कागदावर मागच्या तपासण्यांच्या वेळचे किलोमीटर छापलेले असतात. तो आकडा आणि मीटरवरचा ९२ हजारांचा आकडा यांचं गणित जुळतं का पाहा. २०२३ पासून शाकेनचं प्रमाणपत्र छोटं झालं आणि त्यात चिप आली, त्यामुळे ही माहिती सोबतच्या वेगळ्या कागदावर असते, तोही माग.

मग ‘शूफुकुरेकी’ विचार. या शब्दाने अनेकांची फसगत होते. दार बदललं, बंपर बदलला, पुढचं फेंडर बदललं, हे त्यात मोडत नाही. गाडीच्या सांगाड्याला मार लागून तो दुरुस्त केला असेल तरच ‘शूफुकुरेकी आहे’ म्हणतात. तेव्हा ‘नाही’ असं उत्तर आलं तरी पुढे विचार: कुठेच कधी धडकली नाही का, रंग कुठे मारला?

टायमिंग बेल्टचं तुला काय सांगायचं! या इंजिनाचा बेल्ट एक लाख किलोमीटरच्या आत बदलायचा असतो. ९२ हजार म्हणजे वेळ आलीच, आणि २० वर्षांत रबर एकदाही बदललं नसेल तर वेळ कधीच टळून गेली. तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात. वडिलांनी असं इंजिन किती वेळा उघडलं असेल ते त्यांनाच विचार. बेल्ट, पुली, वॉटर पंप एकदम करून घ्यायचे. वहीत नोंद नसेल तर तो खर्च किमतीतून वजा करून माग.

आणि तो आवाज. तुला वाईट वाटेल, पण सांगणं भाग आहे. सुबारूच्या आडव्या इंजिनाचा तो घुमणारा, धडधडता आवाज येतो तो एग्झॉस्टच्या नळ्या असमान लांबीच्या असल्यामुळे. जपानमधल्या एसटीआयला २००२ च्या अखेरच्या बदलापासून समान लांबीच्या नळ्या आणि ट्विन-स्क्रोल टर्बो आला, आणि तो आवाज गेला. २००५ ची गाडी कारखान्यातून तशी घुमत बाहेर पडलेली नाही. नुसता मागचा सायलेन्सर बदलून तो घुमार परत येत नाही. व्हिडिओत येत असेल तर कुणीतरी पुढच्या नळ्या, कदाचित टर्बोही बदलला आहे. ते वाईटच असतं असं नाही. पण मग कुणी बदललं, त्यानुसार इंजिनाचा कॉम्प्युटर पुन्हा जुळवला का, टर्बोच्या किती दाबावर (बूस्टवर) चालवली, हे विचारायलाच हवं. ही गोष्ट जाहिरातीत लिहिलेली नसेल तर आणखी काय काय लिहिलेलं नाही?

बदललेल्या भागांचा दुसरा जाच शाकेनचा. जमिनीपासून किमान ९ सेंटिमीटर उंची, टायर बाहेर डोकावता कामा नये, आवाज मर्यादेत. यात न बसणाऱ्या गाडीला कंपनीचं अधिकृत सर्व्हिस सेंटर हातही लावत नाही, साधं ऑइल बदलायलाही आत घेत नाही. आणि इथे शाकेन दोन महिन्यांचंच उरलं आहे. म्हणजे विकणाऱ्याची परीक्षा टळते आणि तुझी दोन महिन्यांत येते. मूळचे स्प्रिंग आणि मूळचा सायलेन्सर त्याने जपून ठेवलेत का हे विचार. जपून ठेवले असतील तर माणूस जबाबदार आहे असं मी मानते.

हे सगळं समाधानकारक वाटलं तरच जा. शिन्कान्सेनने टोकियोहून निइगाता दोन तास. आदल्या दिवशी सांग, मी पोचण्याआधी इंजिन सुरू करू नका. गार इंजिन जे बोलतं ते गरम झाल्यावर लपतं. तिथल्या एखाद्या गॅरेजात पैसे देऊन गाडी लिफ्टवर चढवून घे आणि तेव्हा वडिलांना व्हिडिओ कॉल लाव. निइगातात सकाळचे ११ तेव्हा कोल्हापुरात साडेसात. दुकान उघडायच्या आधी ते मोकळे असतील. आयुष्यभर बोअर मारलेल्या माणसाचा कान तुझ्याजवळ आहे. पाहण्याआधी आगाऊ पैसे पाठवू नकोस, एक येनही नाही.

पैशांचं गणित मांडून दाखवते, कारण जाहिरातीतली किंमत आणि गाडीची किंमत या दोन गोष्टी आहेत. दोन लिटर इंजिनाचा वार्षिक कर ३९,५०० येन. पण पेट्रोल गाडी १३ वर्षांवरची झाली की साधारण १५ टक्के वाढतो, म्हणजे ४५,४००. दोन वर्षांचे ९०,८००. शाकेनच्या वेळी दोन वर्षांचा वजनकर, १८ वर्षांवरच्या दीड टनापर्यंतच्या गाडीला ३७,८००. सक्तीचा विमा, जिबाइसेकी, हे लिहिताना २४ महिन्यांना १७,६५०. बेरीज १,४६,२५०, आणि यात मेकॅनिकची मजुरी नाही, टायर नाही, पार्किंगचं भाडं नाही, पेट्रोल नाही. पेट्रोल ‘हाइओकु’, म्हणजे जास्त ऑक्टेनचंच लागेल, साधं चालणार नाही. वर्षाचा कर १ एप्रिलला गाडी ज्याच्या नावावर असेल त्याला येतो, तेव्हा मार्चच्या अखेरीस घाईघाईने नावावर करून घेऊ नकोस.

विम्यावर मात्र मला जरा थांबायचंय. जिबाइसेकी फक्त माणसाला झालेल्या इजेची भरपाई देतो, तीही मृत्यू झाल्यास जास्तीत जास्त तीन कोटी येनपर्यंत. समोरच्याची गाडी, दुकानाची काच, रेल्वेचं फाटक, याला एक छदामही नाही. इथल्या न्यायालयांत भरपाई तीन कोटींच्या पुष्कळ वर जाऊ शकते. म्हणून ऐच्छिक विमा, ‘निन-इ होकेन’, माणसांसाठी अमर्याद आणि मालमत्तेसाठीही अमर्याद, हा घेतल्याशिवाय चाक हलवायचं नाही. नव्या माणसाची सुरुवात सहाव्या ‘तोक्यू’पासून, म्हणजे श्रेणीपासून होते, विसाव्यापर्यंत चढत जातं आणि हप्ता कमी होत जातो, भारतातली तुझी नो-क्लेमची वर्षं इथे मोजत नाहीत. शिवाय प्रत्येक मॉडेलला अपघातांच्या इतिहासावरून १ ते १७ असा वर्ग असतो. वेगवान गाड्यांचा वर्ग वरचा असणार हे धरूनच चाल. तुझ्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा २० वर्षांच्या गाडीला नाममात्र रकमेचा मिळतो किंवा मिळतच नाही. म्हणजे वळणावर घसरून कठड्याला आदळलास तर २२ लाख तुझे एकट्याचे. गाडी घेण्याआधी दोन-तीन विमा कंपन्यांकडून या मॉडेलचा हप्ता लिहून घे.

किमती वाढतच आहेत म्हणतोस. खरं आहे, आणि त्याचं एक कारण अमेरिका आहे. तिथे २५ वर्षं झाल्यावरच अशा परदेशी गाडीला सहज प्रवेश मिळतो. १९८९ ची निसानची स्कायलाइन जीटी-आर २०१४ मध्ये त्या दारातून आत गेली आणि इथल्या किमती पाहता पाहता सामान्य माणसाच्या हाताबाहेर गेल्या. तुझ्या २००५ च्या गाडीचं ते वर्ष २०३०. पण चढी किंमत मिळते ती न छेडलेल्या, न गंजलेल्या, वहीसकट असलेल्या गाडीला. खाली केलेल्या, नळ्या बदललेल्या निइगाताच्या गाडीवर तो हिशेब बसवू नकोस. आणि मला विचारशील तर, किंमत टिकावी म्हणून झाकून ठेवायची गाडी तुला नकोच आहे. तुला ती चालवायची आहे. तुझ्या पत्रातली झोप आवाजाने उडाली होती, किमतीने नाही.

कोल्हापूरला नेण्याचं स्वप्न मात्र सोडून दे. भारतात वापरलेली गाडी आणायची तर ती बनल्यापासून तीन वर्षांच्या आतली असावी लागते, मुंबई बंदरातूनच यावी लागते, आणि वर जकात इतकी की तेवढ्यात दुसरी गाडी यावी. २० वर्षांच्या गाडीला दारच बंद आहे. परत जाताना ती इथेच विकायची किंवा नोंद रद्द करायची, आणि तेही विमानात बसण्याआधी. नाहीतर कराची पाकिटं येत राहतात.

आता लग्नाचं. मुलीला अजून सांगितलं नाहीस, हे वाचून मला गाडीपेक्षा जास्त काळजी वाटली. ती मे महिन्यानंतर अनोळखी देशात, भाषा येत नसताना, तुझ्या भरवशावर येणार आहे. घराची अनामत, तिचं विमानभाडं, पहिल्या हिवाळ्याचे कपडे, तिची भाषेच्या वर्गाची फी, हे सगळं त्याच ३० लाखांतून जायचं आहे. ती नाही म्हणेल ही भीती तुझ्या पत्रात दिसते. पण तू तिला कधी सांगितलं आहेस का, की सहा वर्षांचा असताना तू टीव्हीसमोर काय पाहिलंस? आकडे सांगण्याआधी ते सांग. मग आकडे सांग, सगळेच्या सगळे, वर मांडलेले. माझ्या नवऱ्याला मी त्या लाल गाडीचं दुरुस्तीचं बिल आलं तेव्हा सांगितलं. तो रागावला नाही. ‘आपण एकत्र पाहायला गेलो असतो तर मी वाकून पाहिलं असतं,’ एवढंच म्हणाला. मला ते वाक्य अजून लागतं.

मी तुझ्या जागी असते तर निइगाताची गाडी सोडली असती. इम्प्रेझा सोडली नसती. तुला कुणी नक्की सांगेल की स्विफ्ट स्पोर्ट घे. ९७० किलोची, १४० अश्वशक्तीची, भारतात कधी आलीच नाही अशी, आणि खरोखर गुणी गाडी आहे. पहिल्या गाडीसाठी शहाणपणाची निवड तीच. पण दुधाची तहान ताकावर भागवून तू दोन वर्षांनी पुन्हा हेच पत्र लिहिशील असं मला वाटतं. तेव्हा आधी परवाना, मग लग्न, मग ती आल्यावर दोघांनी मिळून शोध. शिझुओका, आइची किंवा त्याहून पश्चिमेकडच्या, बर्फ न पाहिलेल्या गाड्या पाहा. दुकानातून घेतलीस तर ऑक्टोबर २०२३ पासून जाहिरातीत सर्व खर्चांसह एकूण किंमत लिहिणं बंधनकारक आहे, तीच पाहायची. लिलावातून आणून देणारे दलालही असतात. त्यांच्याकडून लिलावाचा मूळ तपासणी कागद मागायचा, त्यावरच्या गाडीच्या नकाशात ‘एस’ म्हणजे गंज, ‘सी’ म्हणजे खाल्लेला पत्रा, ‘डब्ल्यू’ म्हणजे दुरुस्तीनंतर पत्र्यावर राहिलेली लाट. गाडीवर २० लाखांच्या वर जायचं नाही, पाच लाख पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीला बाजूला, उरलेल्या पाचांना गाडीसाठी हात लावायचा नाही.

आणि घेतलीस की तिला धावायला योग्य जागी ने. अत्सुगीहून तोमेइ महामार्गाने गोतेम्बाला उतरलं की फुजी स्पीडवे आहे. तिथे स्वतःच्या गाडीने, पुढे चालणाऱ्या गाडीच्या मागोमाग फेरी मारायची सोय असते. साध्या रस्त्यावर मर्यादेपेक्षा ३० किलोमीटर जास्त वेग म्हणजे लाल चिठ्ठी, पुन्हा गुन्हा, परवाना निलंबित. हाकोनेच्या वळणांवर रविवारी सकाळी म्हातारी जोडपी फिरायला आलेली असतात.

निइगाताच्या माणसाला अजून पुरतं नाही म्हणू नकोस. कदाचित त्याने गाडी दर हिवाळ्यात गॅरेजात झाकून ठेवली असेल. असे मालक मी पाहिलेत. आज रात्री एवढंच लिहून पाठव: ‘शितामावारी नो शाशिन तो, सेइबी किरोकुबो नो शाशिन ओ ओकुत्ते इतादाकेमासु का?’ गाडीच्या पोटाखालचे आणि देखभालीच्या वहीचे फोटो पाठवाल का, असं विचारलंय. त्याचं उत्तर काय येतं ते मला कळव.

तुझी,
ताई